जेकिल बेटावर एक दिवस

‘जेकिल’ हे नाव काढलं की वाचनाची आवड असलेल्या माणसाला स्टीव्हन्सनचा तो दोन चेहऱ्यांचा डॉक्टर आठवतो. मी ज्या जेकिलबद्दल बोलणार आहे, त्याचा त्या डॉक्टरशी काही संबंध नाही. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, जॉर्जिया राज्यात, या नावाचं एक बेट आहे. सुमारे सात मैल लांब आणि दीड मैल रुंद. जॉर्जियाची वसाहत वसवणाऱ्या जेम्स ऑगलथॉर्पने १७३४ च्या सुमारास त्याला सर जोसेफ जेकिल यांचं नाव दिलं, कारण या जेकिलसाहेबांनी वसाहतीसाठी पैसे दिले होते. म्हणजे बेटाच्या नावातच पैसा आला. योगायोग एवढाच, की स्टीव्हन्सनची ती कादंबरी १८८६ साली निघाली आणि त्याच वर्षी हे अख्खं बेट उत्तरेकडच्या धनिकांच्या एका क्लबने सव्वा लाख डॉलरना विकत घेतलं.

माझा मुलगा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला नोकरीला आहे. तिथून जेकिल मोटारीने सव्वा तासाच्या अंतरावर. गेल्या वर्षी एप्रिलात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा मी पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं, की तुमचं ते डिस्नेचं काय ते नंतर बघू, मला आधी जेकिलला न्या. मुलाला नवल वाटलं. म्हणाला, “बाबा, तिथे म्हातारी माणसं सायकल चालवतात आणि गोल्फ खेळतात. तुम्हाला काय करायचंय?” पण मी छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा पहिला आराखडा ज्या जागी गुपचूप लिहिला गेला, ती जागा पाहायची माझी जुनी इच्छा होती. सौभाग्यवतींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि एका शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. मुलगा, सून, नात आणि आम्ही दोघं.

महामार्ग सोडून बेटाकडे वळलं की पहिले काही मैल रस्ता भरावावरून जातो. दोन्ही बाजूंना खाजण. मी मूळचा रेवदंड्याचा, त्यामुळे खाजण मला नवीन नाही. पण एवढं मोकळं खाजण मी पाहिलेलं नव्हतं. नजर जाईल तिथवर गवत, मध्ये वळणं घेत गेलेल्या खाड्या, चिखलात एका पायावर उभे बगळे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर जेवढं खारं खाजण उरलं आहे, त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग जॉर्जियाच्या शंभर मैलांच्या किनाऱ्यात आहे. त्याचं कारण त्यांनी १९७० सालीच खाजण राखण्याचा कायदा केला. भराव घालून इमले उठवायला परवानगी लागते, आणि ती सहजी मिळत नाही. आपल्याकडे खाजण म्हणजे रिकामी जागा, असं समजणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगितलं.

हा रस्ता आणि पूल १९५४ च्या डिसेंबरात खुला झाला. त्याआधी बेटावर जायचं तर होडीनेच. ज्यांनी बेट विकत घेतलं होतं त्यांना तसंच हवं होतं. आता पूल ओलांडला की नाकं लागतं, तिथे मोटारीमागे दिवसाचे पैसे भरायचे. किनाऱ्यावर फिरायला वेगळं तिकीट नाही.

धनिकांची वस्ती खाडीच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला आहे. समुद्राकडे तोंड करून कोणी राहत नव्हतं. क्लबच्या जुन्या तबेल्यात आता संग्रहालय आहे, तिथून उघड्या गाडीतून फेरी निघते. मोठमोठे ओक वृक्ष आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारी राखाडी दाढी. तिला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ती स्पेनची नाही आणि शेवाळही नाही. ती अननसाच्या कुळातली वनस्पती, झाडावर नुसती बसते, त्याचा रस शोषत नाही.

या झाडीत क्लबची मनोऱ्याची इमारत आणि भोवती ‘कॉटेज’. कॉटेज म्हणजे झोपडी हा आपल्या शब्दकोशातला अर्थ. इथे एका कॉटेजला वीस झोपायच्या खोल्या आणि सतरा न्हाणीघरं आहेत. १९१७ साली बांधलेल्या त्या कॉटेजचा मालक क्रेन हा नळ आणि न्हाणीघराच्या सामानाचा कारखानदार होता, तेव्हा सतरा न्हाणीघरांचं कोडं लगेच उलगडतं. उलट बऱ्याच कॉटेजांना स्वयंपाकघरच नव्हतं, कारण सगळ्यांनी क्लबात एकत्र जेवायचं. सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे बायका खरोखरीच सुट्टीवर यायच्या म्हणा.” बायका सुट्टीवर यायच्या हे खरं, पण क्लबाच्या स्वयंपाकघरात राबणारे, घोडे धरणारे, चादरी धुणारे हातही बेटावरच राहत होते. त्यात काळे लोक पुष्कळ. त्यांच्या खोल्यांसमोर आमची गाडी थांबली नाही.

क्लब १८८८ च्या जानेवारीत सुरू झाला. सभासद जास्तीत जास्त शंभर. मॉर्गन, पुलित्झर, विल्यम रॉकफेलर, व्हँडरबिल्ट, मार्शल फील्ड ही नावं. जानेवारीत यायचं, वसंतात परत जायचं. जगातल्या एकूण संपत्तीचा सहावा हिस्सा या शंभर माणसांकडे होता, असं तिथे मोठ्या अभिमानाने सांगतात. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं. अशा आकड्यावर मी सही करणार नाही. पण माणसं श्रीमंत होती यात शंका नाही.

आता माझ्या कामाची गोष्ट. १९०७ साली अमेरिकेत बँकांवर मोठं संकट आलं. लोक ठेवी काढायला धावले, न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या संस्था डळमळल्या आणि अखेर मॉर्गन या खासगी माणसाने इतर बँकवाल्यांना एकत्र बसवून पैसा उभा केला, तेव्हा कुठे धीर आला. देशाची पत एका म्हाताऱ्या सावकारावर अवलंबून असावी, हे शहाण्या माणसांना पटेना. मग १९१० च्या नोव्हेंबरात सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच, अर्थखात्यातले पायट अँड्र्यू आणि पॉल वॉरबर्ग, फ्रँक व्हँडरलिप, हेन्री डेव्हिसन हे बडे बँकवाले रात्रीच्या वेळी न्यू जर्सीतल्या स्टेशनावर एकेकटे आले आणि ऑल्ड्रिचच्या खासगी डब्यात बसले. कोणी विचारलं तर सांगायचं, बदकांच्या शिकारीला चाललोय. आडनाव उच्चारायचं नाही, फक्त पहिलं नाव. मला याचीच गंमत वाटते. आमच्या वेळी साहेबाला पहिल्या नावाने हाक मारण्यापेक्षा तिजोरीची किल्ली हरवणं सोपं होतं.

आठवडाभर त्यांनी क्लबात दार लावून काम केलं आणि मध्यवर्ती संस्थेचा आराखडा तयार केला. तो ‘ऑल्ड्रिच योजना’ म्हणून पुढे आला, पण संमत झाला नाही. मात्र १९१३ च्या डिसेंबरात फेडरल रिझर्व्हचा जो कायदा झाला, त्यात या आराखड्यातल्या अनेक गोष्टी उतरल्या. बैठक झाली हेच सहभागी लोक कित्येक वर्षं कबूल करत नव्हते. व्हँडरलिपने ते १९३५ साली छापून सांगितलं. आपली रिझर्व्ह बँक सुरू झाली ते हेच वर्ष.

क्लबच्या इमारतीत १९८० च्या दशकापासून हॉटेल आहे. बैठकीची आठवण सांगणारी खोली तिथे आहे. गालिचा, लाकडी तावदानं, भिंतीवर चित्रं. मी दोन मिनिटं उभा राहिलो. खोली म्हणून तिच्यात विशेष काही नाही. या बैठकीवरून अमेरिकेत कारस्थानाच्या कथांचं मोठं पीक आलेलं आहे. मला स्वतःला ते कारस्थान वाटत नाही. कामाचा मसुदा पाच-सहा जाणकारांनी बंद खोलीत करावा लागतो, हे ज्याने शाखेचं अंदाजपत्रकसुद्धा केलं असेल त्याला माहीत असतं. प्रश्न आहे तो खोलीत कोण नव्हतं याचा. शेतकरी नव्हता, छोट्या गावातला बँकवाला नव्हता, ज्याची ठेव बुडाली तो तर नव्हताच. ही मंडळी आली बेटावर, आणि बेट होतं त्यांच्याच मंडळींचं. तिथे दुसरं कोणी येणारच नव्हतं.

हॉटेलपासून जवळच टेलिफोनचं एक स्मारक आहे. १९१५ च्या २५ जानेवारीला न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात पहिल्यांदा रीतसर टेलिफोन झाला. न्यूयॉर्कला ग्रॅहॅम बेल, सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचे जुने सहकारी वॉटसन आणि वॉशिंग्टनला अध्यक्ष विल्सन. टेलिफोन कंपनीचे प्रमुख थिओडोर व्हेल पाय दुखावल्यामुळे जेकिलवर अडकून पडले होते, म्हणून तार इथवर ओढली. नातीला मी हे सांगत होतो, तेव्हा ती फोनवरून तिच्या मैत्रिणीला फोटो पाठवत होती. चालायचंच.

दुपारी उत्तरेला गेलो. वाटेत हॉर्टनचं घर लागतं, १७४३ सालचं. दोन मजली भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. बांधकाम ‘टॅबी’चं. कालवं जाळून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले मिसळून साच्यात ओतायचं. भिंतीला हात लावला तर शिंपल्यांच्या कडा बोटांना लागतात. शिंपल्याचा चुना आमच्या कोकणातल्या बांधकामालाही लागत असे, तेव्हा ही भिंत मला ओळखीची वाटली.

याच घरात पुढे द्यू बिन्यों नावाचं फ्रेंच कुटुंब राहिलं. मूळ पुरुष क्रिस्तोफ, ब्रिटनीचा दर्यावर्दी. त्याने तारुण्य फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर आणि हिंदी महासागरात घालवलं होतं, तिथे पैसा कमावला होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा तो १७९० च्या दशकात इकडे आला आणि त्याने या बेटावर लांब धाग्याचा कापूस लावला. लावला म्हणजे गुलामांकडून लावून घेतला. आपल्या समुद्रावर मिळवलेल्या पैशाची वाट अशी इथवर येते.

उत्तरेच्या टोकाला समुद्र बेट खातो आहे आणि दक्षिणेच्या टोकाला वाळू आणून टाकतो आहे. खाल्लेल्या बाजूला ओकची झाडं मुळांसकट आडवी होऊन वाळूत पडली आहेत, ऊन-खाऱ्या वाऱ्याने पांढरी पडलेली. लग्नाचे फोटो काढायला जोडपी येतात. आमच्यासमोर तीन नवऱ्या होत्या, तिघींना तेच झाड हवं होतं. आम्ही एका ओंडक्यावर बसून दशम्या खाल्ल्या.

यानंतर मुलगा म्हणाला, आता दक्षिणेला काही नाही, परत फिरू या. पण संग्रहालयात मी एक फलक वाचला होता, त्यामुळे मी हट्ट धरला.

दक्षिण टोकाला सेंट अँड्र्यूज नावाची पुळण आहे. तिथल्या झाडीतून २०१८ साली एक पायवाट केली आहे, ‘वाँडरर’ जहाजाच्या आठवणीची. हे जहाज १८५७ साली न्यूयॉर्कजवळ बांधलेलं, श्रीमंतांच्या शर्यतीचं, चैनीचं जहाज. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. तरी ही चैनीची नौका आफ्रिकेत काँगो नदीच्या मुखाशी गेली, तिच्यात ४८७ माणसं कोंबली, आणि १८५८ च्या २८ नोव्हेंबरला त्यांतली जिवंत राहिलेली ४०९ माणसं याच बेटावर उतरवली. बाकीची वाटेत गेली. बेट तेव्हा द्यू बिन्यों कुटुंबाचं, आणि त्या घरातले लोक यात सामील होते. सॅव्हानात खटले चालले. गुलामांच्या व्यापाराबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

पायवाटेवर ही हकिगत एका लहान मुलाच्या दृष्टीने सांगितली आहे. तो मुलगा कल्पनेतला असला तरी खऱ्या मुलांची नोंदही आहे. सिलुकँगी नावाचा एक मुलगा या जहाजातून आला. त्याचं नाव वॉर्ड ली ठेवलं गेलं. पुढे गुलामगिरी संपली, तो दक्षिण कॅरोलायनात राहिला, म्हातारा झाला. आणि १९०४ साली त्याने एक जाहीर पत्रक काढलं, की मला माझ्या मायदेशी परत जायचं आहे, प्रवासासाठी मदत करा. पंचेचाळीस वर्षांनंतर. मदत पुरेशी मिळाली नाही, तो तिथेच राहिला. त्या काळात हे बेट शंभर धनिकांचं हिवाळी निवासस्थान होतं, तेव्हा प्रवासाचे पैसे नव्हते असं कोणाला म्हणता येणार नाही. नातीने फोन खिशात ठेवला होता, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, क्लब बंद पडला. जॉर्जिया राज्याने १९४७ साली कायद्याने बेट ताब्यात घेऊन ६,७५,००० डॉलर मोजले. हेतू उत्तम होता. १९५० साली बेटाचा कारभार पाहायला जे मंडळ नेमलं, त्याच्या कायद्यातच लिहिलं, की बेताच्या उत्पन्नाच्या माणसाला परवडेल असं हे ठिकाण व्हावं. रस्ते करायला कैदी आणले. जनतेसाठी बेट खुलं झालं. फक्त जनता म्हणजे गोरी जनता.

काळ्या लोकांसाठी १९५० साली हे दक्षिणेचं टोक नेमून दिलं. नुसती वाळू. पहिला मंडप १९५५ साली उभा राहिला आणि १९५९ साली डॉल्फिन नावाचं हॉटेल निघालं. त्याच्या दिवाणखान्यात बी. बी. किंग गाऊन गेला म्हणतात. जॉर्जियाच्या सगळ्या किनाऱ्यावर काळ्या माणसांना जाता येईल अशी ही पहिलीच सार्वजनिक पुळण. बाकी सगळा सात मैलांचा किनारा त्यांच्याच करातून घेतलेला, पण त्यांना बंद. काळ्या नागरिकांनी राज्यावर दावा लावला आणि १९६४ साली न्यायालयाच्या हुकमाने बेट खऱ्या अर्थाने सगळ्यांना खुलं झालं. म्हणजे क्लबकडून जनतेकडे यायला एक सही पुरली, आणि ‘जनता’ या शब्दाचा अर्थ ठरवायला पुढे सतरा वर्षं गेली.

आजचं बेट पाहिलं तर तो कायदा बराचसा पाळलेला दिसतो. घरं लोकांची, पण जमीन राज्याची, भाडेपट्ट्याने दिलेली. १९७१ साली ठरवलं, की बेटाचा ३५ टक्क्यांहून अधिक भाग बांधकामाखाली आणायचा नाही. २००७ च्या सुमारास किनाऱ्यालगत मोठी वसाहत उठवण्याची योजना आली, तेव्हा लोकांनी इतका आरडाओरडा केला की तिची पुष्कळ छाटणी झाली. टक्केवारीत पळवाटा निघतात हे ओळखून २०१४ साली मर्यादा एकरांत बांधून टाकली: १,६७५ एकर. बँकेतला माणूस म्हणून मला हे सगळ्यात आवडलं. टक्के हा मोठा फसवा प्रकार आहे. कशाचे टक्के, ते ठरवणारा माणूस आपला असला की झालं. पण राज्याच्या तिजोरीतून पैसा न घेता बेटाने आपला खर्च आपण भागवावा अशी अटही आहे. मग उत्पन्न आणायचं कुठून? हॉटेलांतून. त्या हॉटेलांचे दर आम्ही विचारून पाहिले आणि दिवसाच्या सहलीवरच समाधान मानलं. बेताच्या उत्पन्नाचा माणूस आता पुलावरून येतो आणि संध्याकाळी पुलावरून परत जातो.

सेंट अँड्र्यूजला वाळूवर घडीच्या खुर्चीत एक वयस्क कृष्णवर्णीय बाई गळ टाकून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. सौभाग्यवतींनी उरलेली दशमी पुढे केली, त्यांनी घेतली, चटणी तिखट लागली तेव्हा हसल्या. लहानपणी चर्चच्या बसमधून इथे येत असू, म्हणाल्या. बस त्या तिथे उभी राहायची, असं झाडीकडे बोट दाखवून सांगितलं. मुलाने विचारलं, उत्तरेकडच्या त्या फोटोच्या पुळणीवर तुम्ही जाता का? त्या म्हणाल्या, नातवंडं जातात. मला इथलं पाणी माहीत आहे, मासा कुठे लागतो ते माहीत आहे. मग सौभाग्यवतींना त्यांनी बादलीतले मासे दाखवले आणि दोघींचं, एकीचं इंग्रजी आणि दुसरीचं निम्मं मराठी, मासा कसा करायचा यावर बोलणं सुरू झालं.

आम्ही उठलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. त्यांनी खुर्ची चार हात मागे ओढली आणि पुन्हा गळ टाकला. नाक्यावर बाहेर पडताना कोणी अडवत नाही. जॅक्सनव्हिलला पोचायला साडेआठ झाले.